डबा, बाटली, हळद आणि विहिरीचं पाणी : शाळेतलं परिसर विज्ञान आपल्या हातानं



मागच्या वर्षी उन्हाळा संपता संपता मी वाडीजवळच्या एका शाळेत गेले होते. आपल्या गटातल्या एक ताई तिथल्या शाळा व्यवस्थापन समितीत आहेत. त्या म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात, पोरांना पर्यावरणाबद्दल काही सांगा." मी तयारी करून गेले. मोबाईलवर व्हिडिओ, रंगीत तक्ता आणि 'जलप्रदूषणाची दहा कारणं' सोबत घेतली. तिथं गेल्यावर लाईट नव्हती. मोबाईलचा एवढासा पडदा चाळीस मुलांना दिसणार कसा? मग मी तक्ता वाचून दाखवायला लागले. मुलं शहाण्यासारखी बसली होती, पण डोळे खिडकीबाहेर होते.

व्हरांड्यात शाळेची खिचडी शिजवणाऱ्या काकू होत्या, त्याही आपल्याच एका गटाच्या सदस्य. थोडा वेळ ऐकून त्या दारातूनच म्हणाल्या, "मॅडम, पोट्ट्यायले हे विचारा न, हँडपंपाच्या पाण्यात वरण काहून शिजत नाही, अन् नळाच्या पाण्यात लवकर कसं शिजते?"

त्या एका प्रश्नानं वर्ग जागा झाला. "आमच्याही घरी नाही शिजत!" "आई सोडा टाकते!" "आमच्या गंजाला पांढरा थर बसते!" पाच मिनिटांत मुलांनी जेवढं सांगितलं, तेवढं माझ्या तक्त्यावर नव्हतं. माझं एमएसडब्ल्यू झालं आहे, पण परिसराचं विज्ञान कसं शिकवायचं हे मी त्या दिवशी काकूंकडून शिकले. हा लेख त्यावरच आहे. आपल्या गावातल्या शाळेत प्रयोगशाळा नसेल, तरी आपण बायका मिळून काय करू शकतो, आणि करताना कुठं जपायचं, हे यात सांगते.

वरण का शिजत नाही?

आधी काकूंच्या प्रश्नाचं उत्तर. जमिनीतलं पाणी खडकातून, मातीतून झिरपत येतं. येताना त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम नावाचे क्षार विरघळतात. असे क्षार जास्त असले की आपण पाणी जड आहे म्हणतो, पुस्तकात त्याला कठीण पाणी म्हणतात. डाळीच्या दाण्यातल्या पेशी एकमेकींना चिकटून ठेवणारा एक पदार्थ असतो. पाण्यातलं कॅल्शियम त्याला धरून बसतं, म्हणून दाणा मऊ पडत नाही. खायचा सोडा टाकला की ही पकड सैल होते. गंजाला बसणारा पांढरा थर म्हणजे तेच क्षार.

हे नुसतं सांगण्यापेक्षा मुलांना करून बघू द्यावं. तीन सारख्या बाटल्या घ्या. एकीत हँडपंपाचं पाणी, दुसरीत नळाचं, तिसरीत पावसाचं, तिन्हींत सारखंच अर्धी बाटली. अंगाच्या साबणाचा कीस थोड्या पाण्यात विरघळवून घ्या आणि प्रत्येक बाटलीत त्याचे दहा-दहा थेंब टाका. झाकण लावून वीस वेळा हलवा आणि फेस किती बोटं वर आला ते पट्टीनं मोजा. पावसाच्या पाण्यात भरपूर फेस येतो. जड पाण्यात फेस कमी येतो आणि वर पांढरट साय जमते. शाम्पू किंवा धुण्याची पावडर मात्र वापरू नका, ती जड पाण्यातही फेस देते आणि फरक दिसत नाही.

यात लक्षात ठेवायच्या गोष्टी तीन आहेत. सगळ्या बाटल्यांत पाणी सारखं, साबण सारखा, हलवणं सारखं. फरक फक्त पाणी कुठलं आहे याचा. मुलाला एवढं कळलं की त्याला प्रयोग म्हणजे काय ते कळलं. त्याला महागडं सामान लागत नाही.

आपल्याच मुलखात हे आधी झालं आहे

"सामान नाही म्हणून विज्ञान शिकवता येत नाही" असं आपण नेहमी ऐकतो. पण आपल्या आजूबाजूला लोकांनी हे करून दाखवलं आहे.

आपल्या शेजारी वर्ध्याला १९३७ मध्ये शिक्षण परिषद भरली. तिथून गांधीजींची 'नई तालीम' पुढं आली. सूत कातणं, शेती, सफाई अशा रोजच्या कामातून शिकायचं, ही तिची कल्पना. सेवाग्रामला मुलं भाजीची वाफे मोजत गणित शिकायची आणि खत करत विज्ञान.

ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केलं. आज आपण 'अंगणवाडी' म्हणतो, त्या कल्पनेमागं त्यांचं मोठं काम आहे. पुढं कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी शाळा चालवली. विकतच्या खेळण्यांऐवजी बिया, पानं, खडे, शिंपले वापरले. जी मुलं गुरं राखायला जायची म्हणून शाळेत येत नव्हती, त्यांच्यासाठी शाळाच कुरणात नेली, तिला 'कुरणशाळा' म्हणायचे. दोन बायकांनी हे काम उभं केलं, हे आपण विसरू नये.

तिसरं उदाहरण नागपूरच्या उत्तरेला, मध्य प्रदेशातल्या तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यातलं. १९७२ मध्ये दोन संस्थांनी तिथल्या सोळा सरकारी उच्च प्राथमिक शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवायला सुरुवात केली. १९७८ मध्ये ते जिल्ह्यातल्या सगळ्या उच्च प्राथमिक शाळांत गेलं. पुढं 'एकलव्य' संस्थेनं ते वाढवलं आणि कार्यक्रम हजाराच्या आसपास शाळांपर्यंत पोचला. मुलं गटात बसून प्रयोग करायची आणि जे दिसलं ते स्वतःच्या शब्दात लिहायची. परीक्षेत पुस्तक उघडून बघायला परवानगी होती, कारण प्रश्न पाठांतराचे नव्हतेच. मुलांच्या मनातले प्रश्न पत्रानं पाठवायला 'सवालीराम' नावाचं एक पात्र होतं. मुलं सवालीरामला पत्र लिहायची आणि त्यांना उत्तर यायचं. २००२ मध्ये सरकारनं हा कार्यक्रम बंद केला, पण तीस वर्षं साध्या सरकारी शाळांत तो चालला.

त्याच होशंगाबादला १९७८ मध्ये पुण्याच्या कारखान्यातले एक तरुण इंजिनिअर गेले होते, अरविंद गुप्ता. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि आगकाडी जोडून त्यांनी मुलांसाठी आकार बनवायचा खेळ तयार केला. पुढं आयुष्यभर ते टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी बनवत राहिले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्या नागपुरातही 'अपूर्व विज्ञान मेळावा' भरतो. त्यात महापालिकेच्या शाळांतली मुलं साध्या वस्तूंतून प्रयोग मांडतात आणि बघायला आलेल्यांना समजावून सांगतात.

म्हणजे सामान कमी असणं ही अडचण आहे, पण त्यानं काम अडत नाही. खरी कमतरता माणसांची असते. एकाच गुरुजींकडं दोन-तीन वर्ग, वरून कागदपत्रं. चाळीस मुलांच्या हातात बाटल्या द्यायच्या तर त्यांना चार मोठी माणसं सोबत लागतात. तिथं आपण उपयोगी पडू शकतो.

घरच्या सामानातले आणखी चार प्रयोग

*१. हळदीचा कागद.* पांढऱ्या सुती साडीवर हळदीचा डाग पडला आणि साबण लावला की तो लाल होतो, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. हेच विज्ञान आहे. हळद पाण्यात कालवून कागदाच्या पट्ट्यांना लावा आणि सावलीत वाळवा. मग एकेका पट्टीवर साबणाचं पाणी, चुन्याची निवळी, सोड्याचं पाणी, लिंबाचा रस, ताक यांचा थेंब टाका. साबण, चुना आणि सोडा यांना हळद लाल होते. लिंबू आणि ताकाला पिवळीच राहते. लाल झालेल्या डागावर लिंबू पिळलं की तो परत पिवळा होतो, मुलं ते बघून ओरडतातच! हळदीला चुना लावून कुंकू बनवायची जुनी रीत याच गुणावर चालते. जास्वंदाच्या पाकळ्यांचं पाणीही असंच रंग बदलतं.

यातून मुलांना कळतं की डोळ्यांना न दिसणारी गोष्ट रंग बदलून 'सांगू' शकते. पाणी तपासायच्या किटमध्येही काही तपासण्या अशाच रंगावर चालतात.

*२. बरणीतली माती.* पारदर्शक बरणी किंवा बाटली एक तृतीयांश मातीनं भरा, वर पाणी घाला, चिमूटभर धुण्याची पावडर टाकून जोरात हलवा आणि ठेवून द्या. मिनिटभरात रेती खाली बसते. पुढच्या काही तासांत बारीक गाळ बसतो. चिकण भाग सगळ्यात शेवटी, कधी कधी एक-दोन दिवसांनी बसतो. थर पट्टीनं मोजा. एका बरणीत वावरातली काळी माती आणि दुसरीत मुरमाड जागेतली घ्या. काळ्या मातीत चिकण थर जास्त निघतो. ती पाणी धरून का ठेवते, उन्हाळ्यात तिला भेगा का पडतात आणि पावसात ती फुगून पायाला का चिकटते, हे मग मुलांना बरणीतच दिसतं.

याच्या पुढची पायरी अशी. तीन मोठ्या बाटल्या आडव्या कापा. एकीत उघडी माती, दुसरीत मातीवर वाळलेला पालापाचोळा, तिसरीत मातीत मेथी पेरून आठ-दहा दिवस उगवू द्या. तिन्ही जरा उतारावर ठेवा, तोंडाशी ग्लास ठेवा आणि प्रत्येकीवर एकेक तांब्या पाणी सारख्याच वेगानं ओता. कुठल्या ग्लासात गढूळ पाणी जास्त आलं? बांधावरचं गवत जाळू नका असं भाषण देण्याऐवजी हे तीन ग्लास दाखवले की पुरतं. एका ताईंच्या मुलानं शाळेतून घरी जाऊन बापालाच सांगितलं, "बाबा, आपलं वावर पहिल्या बाटलीसारखं आहे."

*३. पाऊस मोजायची बाटली.* दोन लिटरची सरळ अंगाची बाटली घ्या. वरचा निमुळता भाग कापून उलटा करून नरसाळ्यासारखा बसवा. बुडाशी खोलगट भाग असतो, म्हणून आधी खडे आणि पाणी घालून एक सपाट रेघ आणा आणि तिथून पट्टी चिकटवा. ती रेघ म्हणजे शून्य. बाटली झाडापासून आणि भिंतीपासून दूर, उघड्यावर ठेवा. रोज सकाळी साडेआठला वाचा आणि रिकामी करून परत शून्यावर आणा. हवामान खातंही साडेआठलाच पावसाची मोजणी घेतं.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. आपल्या घराचं दहा फूट बाय वीस फूट टिनाचं छप्पर सुमारे साडेअठरा चौरस मीटर होतं. दहा मिलिमीटर पाऊस पडला तर त्यावरून सुमारे एकशे पंच्याऐंशी लिटर पाणी येतं. पंधरा लिटरचे बारा हंडे! नागपूरकडं वर्षाला साधारण हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, म्हणजे एवढ्याशा छपरावरून वर्षाला अठरा हजार लिटर. थोडं उडून आणि सांडून जातं, ते धरलं तरी आकडा मोठाच आहे. हिशोब मुलांना फळ्यावर करू द्या आणि तो आपल्या घरी आणू द्या. उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या आपल्याला त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

*४. हवेतली धूळ.* वाडीतून अमरावती रोड जातो. ट्रक, गोदामं, ट्रान्सपोर्ट हे आपल्यासाठी रोजचंच आहे. पांढऱ्या जाड कागदाच्या चार चौकोनी तुकड्यांवर व्हॅसलिनचा पातळ थर लावा. एक रस्त्याच्या कडेला, एक आतल्या गल्लीत, एक झाडांच्या आड, एक घरात चुलीजवळ टांगा. पाऊस नसलेल्या तीन दिवसांनी सगळे काढून शेजारी शेजारी ठेवा. एक सेंटिमीटरचा चौकोन आखून त्यातले ठिपके मोजा. भिंग नसेल तर ठिपक्यांवर पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा ठेवून त्यावर पाण्याचा एक थेंब सोडा, तोच भिंगाचं काम करतो.

एका वर्गात मुलांना वाटलं होतं की रस्त्यावरचा कागद सगळ्यात काळा निघेल. पण एका मुलीनं घरून आणलेला चुलीजवळचा कागद त्याच्यापेक्षा काळा होता. ती काही बोलली नाही, नुसती बघत राहिली. दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेत आली आणि विचारलं, "हा धूर माझ्या छातीत जाते का?" हो ताई, जातो. या कागदावर दिसते ती जाडी धूळ आणि काजळी. त्याहून बारीक कण, केसाच्या जाडीच्या वीस-पंचविसाव्या भागाएवढे, डोळ्याला दिसत नाहीत आणि तेच फुप्फुसात खोल जातात. म्हणून कागद पांढरा राहिला तर हवा स्वच्छ, असं मात्र समजू नका.

माझी चूक

आता जी गोष्ट सांगते, ती सांगायला मला बरं वाटत नाही, पण सांगायला हवी.

दुसऱ्यांदा शाळेत गेले तेव्हा मी पाणी गाळायचा प्रयोग केला. उलट्या बाटलीत कापड, त्यावर रेती, त्यावर बारीक गोटे. वरून नाल्याचं गढूळ पाणी ओतलं आणि खालून स्वच्छ पाणी टपकायला लागलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मीही खूश झाले, फोटो काढत बसले. तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं तो ग्लास उचलून तोंडाला लावायला घेतला. मी धावत जाऊन तिच्या हातातून ग्लास ओढला. ती घाबरून रडायला लागली. म्हणाली, "स्वच्छ झालं ना मॅडम, तुम्हीच तर म्हणाल्या."

तिची काहीच चूक नव्हती. चूक माझी होती. मी 'स्वच्छ' हा शब्द वापरला होता आणि गाळलेलं पाणी प्यायचं नसतं हे सांगितलंच नव्हतं. त्या नाल्यात गावातलं सांडपाणी येतं. ती दोन घोट प्यायली असती तर काय झालं असतं, हे आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

त्या दिवसापासून मी एक नियम केला. प्रत्येक प्रयोगानंतर मुलांना दोन प्रश्न विचारायचे. यातून काय कळलं? आणि यातून काय कळत *नाही*? दुसरा प्रश्न राहिला तर शिकवलेलं विज्ञान अंगलट येऊ शकतं.

आता गाळण्याच्या प्रयोगाला मी एक जोड देते. प्यायच्या चांगल्या पाण्यात मीठ विरघळवायचं, ते धुतलेल्या सुती कापडाच्या चार पदरांतून गाळायचं आणि मुलांना चाखायला द्यायचं. पाणी खारटच लागतं. मीठ दिसत नाही, गाळूनही जात नाही, पण पाण्यात आहे. यासाठी रेतीचा गाळा वापरायचा नाही, फक्त स्वच्छ कापड.

याचा अर्थ आपल्या आज्या साडीचा पदर लावून पाणी गाळायच्या ते वाया होतं, असं नाही. बांगलादेशात २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की जुन्या सुती साडीची घडी करून पाणी गाळणाऱ्या गावांत कॉलराचे रुग्ण जवळपास निम्म्यानं कमी झाले. कॉलराचे जंतू पाण्यातल्या बारीक जिवांना चिकटून असतात आणि ते जीव कापडात अडकतात. पण निम्मे कमी म्हणजे निम्मे उरलेच. गाळणं चांगलं, पण तेवढं पुरेसं नाही.

पाणी प्यायला चांगलं आहे का, हे कसं कळेल?

हा प्रश्न मुलं विचारतातच, आणि आपल्या बाटल्या-हळदीनं त्याचं उत्तर मिळत नाही. साबणाचा फेस जडपणा सांगतो, जंतू सांगत नाही. हळदीचा कागद चुना सांगतो, नायट्रेट सांगत नाही. त्यासाठी खरी तपासणीच लागते, आणि तिची सोय आहे.

जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासायचं प्रशिक्षण द्यायचं आहे. त्यांना तपासणीचं किट मिळतं. तुमच्या गावात या पाच जणी कोण आहेत? नावं माहीत नसतील तर ग्रामपंचायतीत विचारा. त्यात गटाच्या सदस्य असू शकतात. जंतूंच्या तपासणीची एक छोटी बाटली असते. तिच्यात पाणी भरून ठेवलं आणि ते काळं पडलं तर त्या पाण्यात घाण मिसळली आहे असं समजायचं. ही बाटली मुलांच्या हातात द्यायची नाही, प्रशिक्षण घेतलेल्या ताईनंच हाताळायची. मुलांनी बघायचं आणि वहीत लिहायचं. विहिरीत टीसीएल पावडर टाकल्यावर क्लोरीन उरलं का ते बघायला ओटी चाचणी करतात, थेंब टाकल्यावर पाणी पिवळं होतं. जलसुरक्षक ती करतात. एकदा त्यांना शाळेत बोलवा, मुलांसमोर करून दाखवायला सांगा.

किटमध्ये शंका आली तर नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा त्यासाठी आहेत. ज्यांचं घर नगर परिषदेच्या हद्दीत आहे, त्यांनी नगर परिषदेकडं लेखी मागणी करायची.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. उकळल्यानं जंतू मरतात, पण नायट्रेट आणि फ्लोराईड जात नाही. उलट पाणी आटलं की त्यांचं प्रमाण वाढतं. पिण्याच्या पाण्याच्या मानकाप्रमाणे नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. फ्लोराईड १ मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, आणि दुसरा पाण्याचा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत चालवून घेतात. नायट्रेट जास्त असलं तर बाटलीनं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला धोका असतो. फ्लोराईड वर्षानुवर्षं जास्त गेलं तर मुलांच्या दातांवर डाग पडतात आणि पुढं हाडं दुखतात. विदर्भातल्या काही जिल्ह्यांत भूजलात फ्लोराईडचा त्रास आहेच. म्हणून मुलांच्या वहीतला फेसाचा आकडा हा पुरावा नाही, पण "आमच्या हँडपंपाची तपासणी करा" असं म्हणायला तो चांगलं कारण आहे.

आपल्या गटानं काय करायचं?

*पहिलं,* शाळा व्यवस्थापन समितीत कोण आहे ते बघा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला हव्यात. ती जागा फक्त सहीपुरती नाही. पुढच्या बैठकीत प्रयोगांचा विषय मांडा.

*दुसरं,* गुरुजींशी किंवा बाईंशी आधी बोला. आपण तपासायला नाही, मदतीला येतोय, हे त्यांना कळू द्या. तिसरी ते पाचवीला 'परिसर अभ्यास' आणि सहावीपासून 'सामान्य विज्ञान' असतं. त्यांचा जो धडा चालू आहे, त्याला जुळणारा प्रयोग निवडा. महिन्यातला एखादा शनिवार ठरवा. दोन-तीन जणी आळीपाळीनं गेल्या तरी पुरे.

*तिसरं,* गटाच्या बैठकीत प्रत्येकीनं एकेक वस्तू आणा : पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, काचेऐवजी प्लास्टिकच्या बरण्या, जुनं सुती कापड, सुतळी, हळद, चुना, साबणाचा तुकडा, जुनी पट्टी. एका पेटीत भरून शाळेला द्या. गटाच्या बचतीला हात लावायची गरज नाही.

*चौथं,* फवारणीच्या औषधाच्या, ॲसिडच्या, फिनाईलच्या बाटल्या किंवा डबे कितीही धुतले तरी या पेटीत टाकू नका. नाल्याच्या पाण्यात मुलांचे हात जाऊ देऊ नका. बाटल्या मोठ्यांनी कापायच्या आणि कडेला चिकटपट्टी लावायची. प्रयोगातलं काहीही तोंडात घालायचं नाही, आणि मिठाच्या पाण्यासारखं एखादं चाखायला दिलं तर ते मोठ्या माणसानं स्वतः तयार केलेलं असावं. शेवटी सगळ्यांनी साबणानं हात धुवायचे.

*पाचवं,* शाळेत एक वही ठेवा, 'आमच्या परिसराची वही'. त्यात तारीख, पाऊस, पाण्याचा फेस, धुळीचे ठिपके आणि मुलांचे प्रश्न. उत्तर माहीत नसलेला प्रश्नही लिहायचा. वर्षाच्या शेवटी ती वही ग्रामसभेत वाचायला सांगा. मोठ्यांचं लक्ष मुलांच्या आवाजाकडं लवकर जातं.

आणि तुम्हाला जे माहीत आहे, ते सांगायला लाजू नका. कुठल्या विहिरीला उन्हाळ्यात आधी तळ लागतो, कुठल्या मातीत वांगी चांगली येतात, नाला पूर्वी कुठून वाहायचा. पुस्तक लिहिणाऱ्याला आपलं गाव माहीत नसतं, तुम्हाला असतं. "मी शाळा शिकले नाही" म्हणणाऱ्या एका ताईंनी मुलांना चार प्रकारच्या मातीचा वास घेऊन फरक सांगितला, तेव्हा गुरुजीसुद्धा वहीत लिहून घेत होते.

ती ग्लास उचलणारी मुलगी आता सहावीत गेली आहे. मागच्या महिन्यात शाळेत गेले तर ती लहान मुलांना गाळायचा प्रयोग दाखवत होती. पाणी टपकलं, मुलांनी टाळ्या वाजवल्या, आणि तिनं ग्लास स्वतःच्या हातात घट्ट धरून ठेवला. म्हणाली, "हे दिसायला साफ आहे. प्यायचं नाही. काहून, सांगा?"

पुढच्या मासिक बैठकीत हा लेख एकीनं मोठ्यानं वाचावा आणि आपल्या गावासाठी एक प्रयोग निवडावा. काय केलं, काय जमलं, काय फसलं, ते मला कळवा. फसलेलं आधी कळवा, त्यातून सगळ्यांनाच शिकता येईल.

तुमची,
क्षेत्र समन्वयक, वाडी